अकरा खोक्यांचा नारळ

दत्तप्रसाद शिरसाट मुळात वाईट माणूस नव्हता, असं कुडाळात अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांनी त्याच्याकडून हप्त्यावर मोबाइल घेतलेले असतात, तेव्हा त्यांचं किती धरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नऊ वर्षं त्याने सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलले. सासरा गिऱ्हाइकांदेखत त्याची ओळख करून द्यायचा, "ह्यो आमचो जावय. हिशेबात कच्चो, पण घरचो आसा म्हणान चालता." गिऱ्हाईक हसायचं, दत्ताही हसायचा. ते हसू गिळून गिळून पोटात अल्सर व्हायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचं दुकान टाकलं. मोबाइल, ड्रोन, पाण्याखाली चालणारे कॅमेरे. तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढले होते, बोटवाल्यांना असल्या वस्तू हव्याच होत्या. दुकान चाललं. मग त्याने वेबसाइट काढली, आणि त्या दिवसापासून दत्ताचा दत्तप्रसाद झाला.

श्रावणात त्या वेबसाइटवर अकरा ऑर्डरी आल्या. सगळ्या भारी मालाच्या आणि सगळ्या देवबागच्या एकाच वाडीतल्या. मंगेश कुबल, सुशांत कुबल, आणखी पाच जण. नावं खरी, घरांची नावं खरी, पोरं कुणी बोटीवर, कुणी आखातात. पैसे परदेशी कार्डांवरून आलेले. आपल्याकडच्या कार्डाला मोबाइलवर आकडा येतो, तो घातल्याशिवाय व्यवहार होत नाही. बाहेरच्या कार्डाला ती कटकट नाही, पैसे आपले थेट पडतात.

पैसे गोळा करून देणारी जी कंपनी होती तिने प्रत्येक ऑर्डरीवर लाल खूण करून कळवलं. कार्ड एका देशाचं, नाव दुसऱ्याचं, माल जाणार तिसरीकडे, तेव्हा खात्री करूनच पाठवा. दत्तप्रसाद ते वाचून खो खो हसला. अरे, सिंधुदुर्गात कुठल्या सरळ माणसाच्या या तीन गोष्टी एका जागी असतात? माणूस मस्कतला, बायको डोंबिवलीला, घर देवबागला आणि कुळाचा देव गोव्यात. बोटीवरचा पोरगा कधी कॅप्टनचं कार्ड वापरतो, कधी मित्राचं. चतुर्थीला घरी यायचं म्हणून आधीच सामान मागवून ठेवतो. बंगलोरच्या एसीत बसलेल्यांना हे काय कळणार? त्याने अकराच्या अकरा ठिकाणी 'मी खात्री केली आहे' या चौकटीत टिचकी मारली. कुणाला एक फोन लावला नाही. आपल्या माणसाची कसली खात्री करायची!

दिवाळी झाली आणि बिंग फुटलं. कार्डं भलत्याच लोकांची होती. एक पोलंडातला दातांचा डॉक्टर, एक कॅनडातली निवृत्त मास्तरीण, असे कुठले कुठले. त्यांचे कार्डांचे नंबर कुणीतरी चोरले होते. त्यांनी आपापल्या बँकेत तक्रार केली, बँकांनी पैसे परत ओढले, आणि ते ओढले दत्तप्रसादच्या खात्यातून. माल गेला, पैसे गेले, वर दंड बसला. मंगेश आणि सुशांत बोटीवरून फोनवर म्हणाले, आमी काय्येक मागवूक नाय. कंपनीने त्याचं खातं गोठवलं आणि तूट कुठून भरणार ते कागदानिशी दाखवायला पंधरा दिवसांची मुदत दिली.

विमा होता. पण विम्याच्या माणसाने फोनवर शुद्ध मराठीत सांगितलं, "आरोपी अज्ञात असेल तर दावा बसत नाही. नाव हवं, सही हवी. 'मी माल घेतला आणि परस्पर विल्हेवाट लावली' असं कुणी लिहून देत असेल तर बघू. एरवी विसरा."

दत्तप्रसादच्या पायाखालची वाळू सरकली. दुकान गेलं तर पुन्हा खिळे. पुन्हा सासऱ्याचं ते "घरचो आसा म्हणान चालता." यापेक्षा मेलेलं बरं असं त्याला वाटलं, आणि ते अगदी मनापासून वाटलं.

कुरिअरवाल्याकडच्या अकराही पावत्यांवर एकच सही होती. वाकड्या, मोठ्या अक्षरात, तुळसा.

तुळसा कुबल म्हणजे वाडीतली विधवा बाई, पन्नाशी ओलांडलेली. एक मुलगी, सारिका, वालावलला दिलेली. तुळसाच्या कमरेला सात घरांच्या चाव्यांचा जुडगा असायचा. घरवाले मुंबईत नाहीतर समुद्रात, आणि बंद घरात तिन्हीसांजेला दिवा लागला नाही तर बरं नव्हे, म्हणून ही रोज सात कुलपं उघडायची, सात देवांपुढे दिवे लावायची, पाणी आत आलं का बघायची, आणि परत सात कुलपं लावायची. चतुर्थीला कुणी लुगडं देई, कुणी विसरे. तिची तक्रार नव्हती. जिच्या कमरेला सात घरं, तिच्या शब्दाला वाडीत वजन होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

दत्तप्रसाद गेला तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात सारिकाच्या डोक्याला तेल लावत बसली होती. सारिकाला सातवा महिना होता. डोहाळजेवणासाठी माहेरी आली होती.

"सामान माझ्याच हातातसून गेला," त्याने धड विचारायच्या आधीच तुळसाने सांगितलं. "अकरा खोके. मंगेशाचो मित्र फोन करी, काकी, पार्सल येतला, ठेवून घी. मगे गाडी घेवन येय आणि न्हेय."

"कोण मित्र?"

"अजय म्हणान सांगलान. पोरगो बरो होतो. दरखेपेक पाया पडान जाय. मी तेका सोलां दिलंय, नारळ दिलंय."

"आणि तेणा तुका किती दिलान?"

तुळसाने तेलाचा हात थांबवला. "पैशे? शेजाऱ्याचा सामान ठेवूक पैशे घेतत?"

दत्तप्रसादने तिच्याकडे नीट पाहिलं. बाई साफ होती. लबाडीचा वासही नव्हता. ते त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर तो तिच्यावर चिडला. चोर असती तर काम सोपं होतं. त्याने बरोबर आणलेला कागद पुढे केला आणि सही मागितली. सारिकाने तो मोठ्याने वाचून दाखवला.

तुळसा शांतपणे म्हणाली, "हातान घेतलंय ता खरा. खाल्लंय ता खोटा. खोट्यार सही कशी करू, शेट?"

सही नाही म्हणजे नाही. दत्तप्रसाद खळ्यातून उठला. पण बाहेर पडताना वाडीच्या टोकाला वडाखाली राखण्याचा दगड दिसला, आणि त्याचं डोकं चालू झालं. राखणो म्हणजे वाडीचा राखणदार देव. चोरी झाली, चोर सापडत नसला की लोक त्याच्यापुढे नारळ ठेवतात. ठेवणाऱ्याने काढेपर्यंत तो नारळ तसाच राहतो, आणि तोवर चोराच्या घरात काही धड होत नाही. दत्तप्रसादचा देवावर विश्वास होता, पण वीजबिलासारखा. वेळच्या वेळी भरायचं, विचार करायचा नाही. मात्र तुळसाचा तसा नव्हता, हे त्याने तिच्या दारातल्या राखण्याच्या अंगाऱ्यावरून ओळखलं.

गाऱ्हाणं गंगाराम गुरव घालायचा. दत्तप्रसादने त्याला गाठलं, दक्षिणा ठरवली आणि म्हणाला, "शब्द मी सांगतंय तसे घालूचे."

गंगाराम म्हणाला, "शब्द ठरलेले आसत. 'जेणा खाल्ल्यान तेका बघून घी' असा म्हणतत."

"खाल्ल्यान नको. 'जेच्या हातान घेतला' असा म्हण. आणि पोरांबाळांचाय घाल."

गंगाराम काय ते समजला. वाडीत अकरा खोके कुणाच्या हातांनी घेतले हे त्याला ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण गंगारामाला घराची कौलं बदलायची होती. त्याने मान डोलावली.

रविवारी सकाळी, माणसं घरी असताना, दत्तप्रसादने नारळ ठेवला. सगळी वाडी जमली. तुळसाही आली, बायकांच्या मागे पदर घेऊन उभी राहिली. चोर सापडावा असं तिलाही वाटत होतं.

"बा देवा राखण्या महाराजा!" गंगारामाने सूर लावला. "ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा!"

"व्हय महाराजा!" वाडी म्हणाली.

"तेचा सामान ह्या वाडीत इला आणि नायसा झाला!"

"व्हय महाराजा!"

"जेच्या हातान ता घेतला, तेका सुख लागाक देवू नको! तेच्या पोराक नको, पोराच्या पोटाक नको! सात दिसांत तेका हेच्या दारात हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" वाडी म्हणाली, आणि सवयीने तुळसाही म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं. तिने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. दत्तप्रसाद तिच्याकडेच बघत होता, म्हणून त्याला ते दिसलं. बायकांनी हळूहळू तिच्या आजूबाजूची जागा मोकळी केली. बोलायचं होतं ते देवाने ऐकलं होतं.

पुढचं काम मग आपोआप झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पहिला फोन. "तुळसाकाकी, राग मानू नको हां. चावी वायच गंगारामाकडे दी. नारळ निघाल्यार बघूया." मग दुसरा, मग तिसरा. वर्षानुवर्षं जिने दिवे लावले तिला कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. माणसं चांगली होती ना. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला तुळसाच्या कमरेला काही राहिलं नव्हतं, आणि सातही घरांत अंधार होता, कारण गंगाराम चाव्या घेऊन गेला तरी दिवे लावायला थोडाच जाणार होता. त्याच दिवशी सारिकाच्या पोटात दुखायला लागलं. मालवणच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की काही नाही, वाऱ्याचं दुखणं आहे. तुळसा डॉक्टरचं ऐकेल तर शपथ.

सहाव्या दिवशी ती कुडाळला आली. मालवणला गाडी बदलून, उन्हाची, उपाशीपोटी. दुकानात दत्तप्रसादची बायको विनीता काउंटरवर होती. तिने तुळसाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि नवऱ्याला आतल्या खोलीत नेलं.

"ही बाय चोर नाय. तुमकाय दिसता, माकाय दिसता."

"बरा. मगे चल, सामान बांध. उद्यापासून तुझ्या बापाशीच्या दुकानात जावया."

ते दुकान विनीतानेही लहानपणापासून पाहिलं होतं. ती बाहेर आली ती थेट गिऱ्हाइकाला कव्हर दाखवायला लागली, आणि नंतर तिने त्या स्टुलाकडे पाहिलं नाही.

तुळसाने पदराच्या गाठीतून आपला बटणांचा फोन काढला. आवाज बारीक झाला होता, पण डोळ्यांत आशा होती. "शेट, माका त्या दिवशी सुचाक नाय. चतुर्थेक सारिका घराक होती, तेव्हा तेचो फोन इल्लो. तिणा नंबर नावानिशी घालून ठेवलेलो. अजयचो. हो बघा. आता पोलीस धरतले मा तेका? मगे नारळ काढशात मा तुमी?"

दत्तप्रसादने फोन हातात घेतला. खरंच होता नंबर. ज्याच्यासाठी त्याने देवाला मध्ये घातलं होतं तो चोर दहा आकड्यांत त्याच्या तळहातावर होता. क्षणभर त्याला हर्षच झाला. पोलिसांत द्यावा, हा माणूस सापडावा, ही बाई सुटावी. क्षणभर. मग तो हिशेबाला लागला. सासरा म्हणायचा तसा तो हिशेबात कच्चा राहिला नव्हता. पोलीस नंबर शोधणार, तो निघणार भलत्याच्या नावावर, जाणार सहा महिने. विम्याच्या कागदावर पुन्हा 'अज्ञात'. मुदतीचे दिवस उरले चार. आणि हा नंबर कागदोपत्री आला तर हिच्या सहीला काय किंमत?

त्याने बटणं दाबली. 'काढून टाकायचं?' फोनने विचारलं. तो हो म्हणाला.

"ह्यात काय नाय, काकी," फोन परत देत तो म्हणाला. "बंद नंबर आसा."

"पण परवाच्या दिवशी तर सारिकान लावन बघलान. वाजलो."

"बंद आसा म्हणतंय मा!"

तुळसा फोनकडे बघत बसली. तिला त्यातलं नाव शोधता येत नव्हतं, त्यामुळे गेलेलंही कळलं नाही. दत्तप्रसादने कागद काढला. आता तो शुद्ध मराठीत बोलायला लागला, कारण त्या भाषेत त्याला तिच्या डोळ्यांकडे बघावं लागत नव्हतं. "हे बघा, देवाला खोटं चालत नाही. गाऱ्हाणं काय घातलंय? ज्याच्या हातानं घेतलं. हात कुणाचे? तुमचे. तुम्ही कबूल झालात की देवाचं काम संपलं. मी नारळ काढून टाकतो. नाही झालात तर माझ्या हातात काही नाही. उद्या सातवा दिवस आहे. मुलीला कितवा महिना म्हणालात?"

तुळसाने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. सहा दिवस त्या हातांनी तिने लेकीच्या पोटाला स्पर्श केला नव्हता. मग तिने पेन मागितलं आणि वाकड्या, मोठ्या अक्षरात सही केली.

"आजच काढशात मा?"

"आजच."

"पाया पडतंय, शेट. आजच काढा."

तो कागद घेऊन तो आधी वकिलाकडे गेला, मग पोलीस ठाण्यात, मग विम्याच्या कचेरीत. सगळीकडे कागदाचं कौतुक झालं. एवढं स्वच्छ कबुलीपत्र हल्ली मिळतं कुठे! ते आटोपेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि देवबाग काही वाटेवर नाही. दुसऱ्या दिवशी विम्यावाल्यांना झेरॉक्स हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी मालाची गाडी आली. मग नारळ राहूनच गेला. दुष्टपणाने नव्हे, तेवढाही विचार त्याने त्या नारळाचा केला नाही. गरज सरो वैद्य मरो.

तुळसाला दोन दिवस ठाण्याच्या बाकड्यावर बसवलं. वालावलच्या जावयाने धावपळ करून जामीन मिळवला, पण त्याच्या आईने बजावलं की विहीणबाईंनी आता उंबरठा चढायचा नाही. खटला उभा राहिला. वाडीला तर आनंदच झाला. नारळाचा गुण बघा, सहाव्या दिवशी चोर स्वतःच्या पायांनी दारात! गंगारामाचा भाव वाढला. पौषात विम्याचा दावा मंजूर झाला, खातं उघडलं, आणि दत्तप्रसादने दुकानाला दिव्यांची नवी पाटी लावली. पाटीच्या उद्घाटनाला सासरा आला होता. त्याने गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "आमचो जावय. हुशार आसा." दत्तप्रसादचे डोळे भरून आले.

माघात एका सकाळी तुळसा दुकानात आली. वाळली होती, केस पार पिकले होते, पण चेहरा हसरा होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"सारिका सुटली. चेडू झाला. दोघांय बरी आसत." तिने पुडा काउंटरवर ठेवला. "अजून मी बघूक नाय. सासू येवक देना नाय. पण फोनार रडताना आयकलंय. मोठ्यान रडता. शेट, वडाकडे बघूचो माका अजून धीर नाय, पण तुमी नारळ काढलात म्हणान झाला ह्या. नायतर माझा काय खरा नव्हता."

आणि ती वाकली. दत्तप्रसादला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे शोकेस होती आणि समोर दोन गिऱ्हाइकं बघत होती. तिचं कपाळ त्याच्या बुटाला लागलं. सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं. नारळ तिथेच आहे. वडाखाली कुजून फुटला असेल, कावळ्यांनी खाल्ला असेल, आणि पोर तरी सुखरूप झाली. तुझ्या हातांना काही झालं नव्हतं, बाई. कधीच काही झालं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. पण एवढं सांगितलं की पुढचं सगळं आलंच.

"देवाची कृपा," तो म्हणाला आणि त्याने पेढा घेतला. विनीताला तुळसाने पुडा पुढे केला तेव्हा ती म्हणाली की तिचा उपास आहे.

"चौदा तारखेक कोर्टात बोलावलानी हा," तुळसा उठत म्हणाली. "सरकारान दिलेलो वकील म्हणता, सांग मी काय करूक नाय, सुटतलस. मी तेका सांगलंय, नाय रे बाबा. देवाक दिलेलो शब्द आता फिरवलंय तर नातीक काय होयत. मी हो म्हणतलंय. तुमी काळजी करू नकात."

दत्तप्रसादच्या छातीवरचा धोंडा उतरला. चौदा तारखेचीच त्याला काळजी होती. पेढा चांगला होता, घरच्या खव्याचा. त्याने दुसरा उचलला.

"त्या दिवशी साडेसाताची गाडी पकड, काकी," तो म्हणाला. "तेच्या मागची उशिरा पोचता."